स्पर्धा मंडळाची, सही कोणाची? सीमाभागातल्या क्रीडा मंडळांसाठी कायद्याची सोपी ओळख

सुगी आटोपली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मैदानांचा हंगाम लागतो. यात्रेच्या कुस्त्या, रात्रीचे कबड्डी सामने, कापणी झालेल्या शेतात टेनिस चेंडूचं क्रिकेट. हँडबिलावर अध्यक्षापासून स्वागतोत्सुकांपर्यंत वीस-पंचवीस नावं छापलेली असतात. पोलीस ठाण्यात दिलेल्या परवानगीच्या अर्जावर मात्र दोन-तीनच सह्या असतात. काही विपरीत घडलं तर तपास अधिकारी आधी तो अर्ज काढतो. सही करणाऱ्याच्या अंगावर नेमकं काय येऊ शकतं आणि आधी काय करून ठेवलं तर ते टळतं, हे प्रत्येक मंडळाला माहीत असायला हवं.

नोंदणी नसलेलं मंडळ

वीस वर्षं गाजत असलेलं मंडळ नोंदणीकृत नसेल तर कायद्याच्या दृष्टीने ते फक्त काही माणसांचा जमाव असतो. त्याच्या नावावर जागा होत नाही, त्याला करार करता येत नाही. मंडपवाल्याचं बिल थकलं तर ज्याने मंडप सांगितला त्याच्याकडे वसुली येते. देणगी एखाद्या कार्यकर्त्याच्या खात्यात जमा झाली तर आयकर खात्याला ती त्याची कमाई दिसते आणि हिशेब त्यालाच द्यावा लागतो. नोंदणी झाली की मंडळ स्वतःच्या नावाने व्यवहार करतं आणि देणं सहसा मंडळाच्या मालमत्तेतून वसूल होतं. निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी मात्र नोंदणीनंतरही त्या त्या माणसावरच राहते.

बेळगाव जिल्ह्यात नोंदणी होते ती कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली. किमान सात सज्ञान सभासद लागतात. खेळाचा प्रसार हा या कायद्यात मान्य असलेल्या हेतूंपैकी एक आहे. घटना आणि नियमावली, सभासदांच्या सह्या, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा आणि शुल्क घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जायचं. तेच जिल्ह्याचे संस्था निबंधक असतात.

इथे सीमाभागात एक चूक हमखास होते. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या ओळखीच्या मंडळाची घटना आणायची आणि नाव बदलून तीच द्यायची. त्या घटनेत धर्मादाय आयुक्त, चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद), महाराष्ट्राचा १९५० चा विश्वस्त कायदा अशी कलमं असतात. कर्नाटकात त्यांचा उपयोग नाही. अर्ज परत येतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तसाच मंजूर होतो आणि दहा वर्षांनी भांडण लागल्यावर कोणत्या नियमाने निवडणूक घ्यायची हेच कळत नाही. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्यामुळे काही जुन्या तालमींकडे त्या काळातली नोंदणी असू शकते. तो कागद सापडला तर नवी नोंदणी करण्याआधी उपनिबंधक कार्यालयात दाखवून तिची आजची स्थिती लेखी विचारून घ्यावी. एकाच तालमीच्या दोन नोंदण्या झाल्या की जागेचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

नियमावलीत काय हवं? सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची, गणपूर्ती किती, कार्यकारिणीची मुदत किती वर्षं, वर्गणी थकलेल्याला मत आहे की नाही, बँकेत कोणत्या दोघांच्या सह्या चालतील. मंडळं फुटतात ती बहुतेक सभासद यादीवरून. निवडणूक जवळ आली की एका गटाने रातोरात पन्नास सभासद भरायचे, दुसऱ्याने यादीच नाकारायची. यावर उपाय सोपा आहे: मतदानाच्या आधी ठराविक मुदतीपर्यंत, म्हणजे नव्वद दिवस किंवा सहा महिने, सभासद झालेल्यालाच मत, असं नियमात लिहून ठेवा आणि यादी दरवर्षी सभेत वाचून इतिवृत्तात चिकटवा. वार्षिक सभा झाल्यावर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी आणि हिशेब निबंधकांकडे द्यायचे असतात. हे वर्षानुवर्षं राहून जातं. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही तर याच कायद्याच्या कलम २७-अ खाली सरकार मंडळावर प्रशासक नेमू शकतं.

मैदानाचा दिवस

परवानगीचे अर्ज किमान तीन आठवडे आधी द्या. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्या ठाण्यात, गावात तिथल्या पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे. जागा खासगी असेल तर मालकाचं संमतीपत्र आणि चालू उतारा. शाळेची असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर थांबू नका, शिक्षण खात्याचं पत्र घ्या. तात्पुरती वीज हेस्कॉम या वीज कंपनीकडून. अर्ज कन्नडमध्ये केला की काम लवकर हलतं. मंडळाच्या फायलीसाठी त्याची मराठी प्रत ठेवावी म्हणजे आपण कशावर सही केली हे प्रत्येकाला कळतं. परवानगीच्या पत्रात अटी असतात. त्या मोडल्या तर ‘आम्ही परवानगी घेतली होती’ हे म्हणणं उलट आपल्याच विरुद्ध जातं.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. रात्रीच्या कबड्डीत हा नियम रोज मोडतो आणि तक्रार आली की सामने मध्येच थांबतात. त्यापेक्षा संघांची संख्या कमी ठेवून शेवटचा सामना साडेनऊला संपेल असं वेळापत्रक करणं शहाणपणाचं.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते प्रेक्षकांच्या गॅलरीकडे. मार्च २०२१ मध्ये तेलंगणात सूर्यापेटला राष्ट्रीय ज्युनिअर कबड्डी स्पर्धेत तात्पुरती गॅलरी कोसळून शंभराहून अधिक लोक जखमी झाले. आपल्याकडे लोखंडी पाइप किंवा बांबूची गॅलरी नांगरट झालेल्या शेतात उभी राहते, तेव्हा ती तीन कारणांनी पडते. पायाखालची माती भुसभुशीत असते, म्हणून एक पाय दबतो आणि सगळं ओझं शेजारच्या पायांवर जातं. तिरपे आधार, म्हणजे कैची, दोन्ही दिशांना मारलेले नसतात. आणि तिसरं, प्रेक्षक नुसते बसत नाहीत. चितपटीच्या क्षणी सगळे एकदम उठतात, एका बाजूला झुकतात, उड्या मारतात. हा आडवा धक्का नुसत्या वजनापेक्षा घातक असतो. बैठक ठरलेली नसलेल्या गर्दीच्या जागेसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार धरतात. मंडपवाल्याला हा आकडा सांगा. प्रत्येक पायाखाली जाड फळी किंवा लोखंडी तबकडी हवी. बांधकाम अभियंत्याकडून पाहून घ्या आणि त्याचं सही-तारखेचं पत्र फायलीला लावा. एवढं करायची ऐपत नसेल तर गॅलरीच नको. जमिनीवर, उतारावर, मातीच्या बांधावर बसून आपली माणसं मैदानं बघत आलीच आहेत.

खांबांवर दिवे असतील तर वायरचा एकही सांधा उघडा नको, अर्थिंग हवं आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा. दवामुळे पहाटेपर्यंत खांब ओले होतात आणि खांबाला टेकणारी सहसा मुलं असतात. बाहेर पडायला किमान दोन वाटा हव्यात. तिकीट असेल तर आत यायची वाट वेगळी ठेवा. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, ते दारांशी. आत किती माणसं मावतील हे आधी ठरवून तेवढी झाली की दार बंद करण्याचा अधिकार एका माणसाला नावानिशी द्यावा. त्याला अध्यक्षांनीही फोन करून ‘आपली चार माणसं सोड’ म्हणू नये.

आता खेळाडूच्या दुखापतीची जबाबदारी. कुस्तीत मान मुरगळते, कबड्डीत गुडघा जातो. खेळात उतरणारा खेळाचा स्वाभाविक धोका पत्करतो आणि त्यासाठी आयोजकाला दोषी धरत नाहीत. पण आखाड्याच्या मातीत काच राहिली, मॅटच्या दोन तुकड्यांमध्ये फट राहिली, वजन न करता साठ किलोच्या पोराची जोड ऐंशी किलोच्या पैलवानाशी लावली, तर ते धोके खेळाचे नव्हेत, आयोजनातल्या हयगयीचे. जोडी नुसत्या नजरेने लावण्याची रीत मोठ्या पैलवानांना शोभते. अठराच्या आतल्यांसाठी काटा ठेवा आणि वजनाची वही ठेवा. हयगयीमुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.

‘दुखापतीस मंडळ जबाबदार नाही’ असं प्रवेशपत्रावर छापलेलं वाक्य हयगयीपासून वाचवत नाही. अल्पवयीन मुलाचा करार मुळातच टिकत नाही, आणि पालकाच्या सहीने त्या मुलाचा भरपाईचा हक्क संपला असं धरून चालू नये. पालकांची सही घ्यायचीच, पण ती आजार, औषधं, रक्तगट आणि संपर्क कळण्यासाठी.

रुग्णवाहिका मैदानाच्या दाराशी, तोंड बाहेर करून. ती एका जखमीला घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत सामने थांबवायचे; नेमका हाच नियम कोणी पाळत नाही. मानेवर आपटलेल्या पैलवानाला दंड धरून उठवू नका. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. कुस्ती थांबवायचा अधिकार पंचाचा आणि डॉक्टरचा. वस्तादाने ‘काही नाही, चालू दे’ म्हटलं तरी थांबवायची.

विमा दोन प्रकारचा लागतो. खेळाडूंसाठी सामूहिक अपघात विमा आणि प्रेक्षकांच्या इजेसाठी कार्यक्रमाचा दायित्व विमा. पॉलिसीत ‘स्पर्धात्मक खेळ वगळून’ अशी ओळ नाही ना, हे सही करण्याआधी वाचा. सज्ञान खेळाडूंना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यायला लावा: वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयोगट, अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये. हे पैसे आखाड्यात उतरणाऱ्या घराला फार पुरत नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

शिस्तभंग आणि बंदी

पंचाच्या अंगावर धावून गेलेल्या संघाला तिथल्या तिथे ‘कायमची बंदी’ पुकारली जाते. ती न्यायालयात टिकत नाही, कारण ऐकून न घेता शिक्षा दिलेली असते. काय केलं ते लिहून नोटीस द्या, उत्तराला सात दिवस द्या, समोर बोलावून ऐका, कारणांसह निर्णय लिहा, अपील कोणाकडे तेही कळवा. ज्याच्याशी भांडण झालं तो त्या समितीत बसू शकत नाही. सामना चालू असताना बाहेर काढायचा पंचाचा अधिकार वेगळा. तो तेवढ्या सामन्यापुरता. ‘अध्यक्षांचा निर्णय अंतिम’ या छापील ओळीने कोर्टाचं दार बंद होत नाही.

पैसा

पावती पुस्तकाला अनुक्रमांक, रोख दोन लाखांच्या खाली, बक्षीस शक्यतो बँकेतून आणि घेणाऱ्याची सही. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर मंडळाकडे आयकराची धर्मादाय नोंदणी, लोक जिला १२ए आणि ८०जी म्हणतात, ती हवी. तरीही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. साखर कारखान्यांकडून किंवा मोठ्या कंपन्यांकडून सामाजिक दायित्व निधी मागायचा असेल तर ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं, पण संस्थेचं तीन वर्षांचं काम कागदावर दाखवावं लागतं. म्हणून स्पर्धेच्या चकचकीत चषकापेक्षा वर्षभराच्या सरावाची हजेरी वही जास्त उपयोगाची. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, तेव्हा जुने नमुने वापरण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. आणि जर्सीवर पैशाच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात घेऊ नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी आणली आहे.

तालमीतली पोरं, संघातल्या मुली

तालमीत राहायला असलेल्या मुलांची जबाबदारी घेणाऱ्याने पोक्सो कायदा, २०१२ वाचलाच पाहिजे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. ‘गावची अब्रू’ म्हणून दाबलं तर सांगणं टाळणाऱ्यालाही शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखासाठी ती एक वर्षापर्यंत. रात्री मुलांच्या खोलीत एकटा प्रौढ नको, मालिश बंद खोलीत नको, प्रवासात मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक हवीच. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांना कामाचं ठिकाण म्हटलं आहे. दहापेक्षा कमी लोक कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता फलकावर लावा.

खेळाडूचा कागद

सीमाभागातल्या खेळाडूचं सगळ्यात मोठं नुकसान आखाड्याबाहेर, कागदावर होतं.

पहिला कागद जन्माचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्माची नोंद चंदगड किंवा गडहिंग्लजच्या ग्रामपंचायतीत. शाळा खानापूर तालुक्यात. नाव एकीकडे मराठीत, दुसरीकडे कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं, आडनाव कुठे आधी तर कुठे नंतर, कधी नुसतं आद्याक्षर. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत कोणी हरकत घेतली की हा फरकच वयचोरीसारखा दिसतो. दुरुस्ती जिथे नोंद झाली तिथल्याच निबंधकाकडे होते, म्हणून बेळगावात चकरा मारून उपयोग नाही. नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हे सगळं मूल सातवीत असताना करा. दहावीची गुणपत्रिका निघाल्यावर जन्मतारीख बदलणं फार अवघड होतं.

दुसरा प्रश्न, खेळायचं कोणत्या राज्याकडून? राष्ट्रीय महासंघ एका राज्याची एकच संघटना मानतो. बेळगावचा मल्ल सरावाला कोल्हापूरच्या तालमीत असेल, तरी आमंत्रितांच्या मैदानात तो दोन्हीकडे उतरू शकतो. राज्य निवड चाचणीला मात्र एकीकडेच. रहिवास, जन्म आणि ना-हरकत यांचे नियम प्रत्येक महासंघाचे वेगळे असतात. एकाच वर्षी दोन राज्यांच्या चाचण्यांना नाव दिलं तर दोन्हीकडून बाद होण्याची वेळ येते. शालेय स्पर्धेत शाळा ज्या राज्यात, संघ त्या राज्याचा. घरी कोणती भाषा बोलतात याचा संबंध नाही.

तिसरा कागद प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या नोकरीत खेळाडू म्हणून अर्ज करायचा तर ठरलेले नमुने आहेत: नमुना १ देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचा, २ राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत, ३ आंतरविद्यापीठ स्पर्धेत, ४ राज्याच्या शालेय संघातून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत. यात्रेच्या मैदानात चांदीची गदा जिंकलेल्या मल्लाला यातला एकही नमुना मिळत नाही. घरात गदा आहे, इनामाचे फोटो आहेत आणि अर्जाला जोडायला काही नाही, अशी घरं या पट्ट्यात पुष्कळ आहेत. मैदान खेळू नये असं नाही, पण वस्तादाने दरवर्षी त्या पोराला एका अधिकृत चाचणीला उभं केलंच पाहिजे.

अधिकृत स्पर्धेत उत्तेजकांची तपासणी होऊ शकते. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. ‘डबा वस्तादांनी दिला’ हा बचाव चालत नाही. जाणूनबुजून घेतल्याचं ठरलं तर चार वर्षांपर्यंत बंदी. मेफेंटरमिनची इंजेक्शनं मैदानाच्या कडेने विकली जातात. ते कमी झालेला रक्तदाब वाढवायचं औषध आहे, बंदीच्या यादीत आहे आणि त्याने जीव जाऊ शकतो. खरोखर आजारासाठी औषध लागत असेल तर राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे उपचारासाठी सवलत मागायचा अर्ज करता येतो, पण तो आधी.

प्रमाणपत्रावर सही करणारी संघटना त्या तारखेला मान्यताप्राप्त होती का, हेही बघावं लागतं. कुस्ती महासंघ डिसेंबर २०२३ मध्ये क्रीडा मंत्रालयाने निलंबित केला. निलंबन मार्च २०२५ मध्ये उठलं. मधल्या काळात, २०२४ च्या सुरुवातीला, महासंघाने पुण्यात आणि त्याच्या जागी कारभार पाहणाऱ्या हंगामी समितीने जयपूरला अशा दोन वेगळ्या राष्ट्रीय स्पर्धा घेतल्या. पुण्याची स्पर्धा मंत्रालयाने मान्य केली नाही. अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आखाड्यात प्रामाणिकपणे घाम गाळलेल्या पोराचं. आता राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ खाली मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळाची आणि वादांसाठी क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. त्यामुळे प्रवेश शुल्क भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा. स्पर्धेनंतर प्रमाणपत्राबरोबर प्रवेशिका, सहभागी खेळाडूंची यादी आणि निकालपत्रक यांच्या सही-शिक्क्याच्या प्रती त्याच दिवशी घ्या. पडताळणी पाच-सहा वर्षांनी येते, तोवर सचिव बदललेला असतो आणि संघटनेचं दप्तर कोणाच्या तरी घरी गेलेलं असतं.